राणी हिराई : समाधीच्या पलीकडची पंधरा वर्षे

चंद्रपूरला अंचलेश्वर मंदिराच्या परिसरात गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतली सर्वांत मोठी आणि देखणी समाधी राजा बीरशहाची. बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला तेथे नेतो आणि मोठ्या कौतुकाने सांगतो, शहाजहानने बायकोसाठी ताजमहाल बांधला, पण आमच्या चांद्यात बायकोने नवऱ्यासाठी समाधी बांधली! पाहुणा मान डोलावतो, फोटो काढतो आणि महाकालीच्या देवळाकडे निघतो. राणी हिराईंची गोष्ट तेथेच संपते. जणू या बाईने जन्मभरात एकच काम केले, नवऱ्याची आठवण दगडात बांधून ठेवली!

वस्तुस्थिती काय आहे? बीरशहाच्या मृत्यूनंतर सुमारे पंधरा वर्षे, म्हणजे १७०४ ते १७१९ या काळात, चांद्याच्या गोंड राज्याचा कारभार हिराईंच्या हातात होता. (जुन्या इंग्रजी नोंदींत ही कालगणना तीसेक वर्षे मागे धरलेली आढळते; आज सर्वसाधारणपणे १७०४ हे साल मानले जाते.) अहिल्याबाई होळकरांच्या हाती माळव्याचा कारभार आला तो १७६७ मध्ये. त्याच्या साठ वर्षे आधी विदर्भाच्या जंगलपट्ट्यात एक आदिवासी विधवा राज्य चालवीत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? अहिल्याबाईंचा गौरव व्हायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण इतिहास लिहिणाऱ्यांच्या लेखणीला वर्धा आणि वैनगंगेच्या मधला मुलूख दिसलाच नाही, आणि दिसला तो समाधीपुरता, ही आपली तक्रार आहे.

हे राज्य काही लहानसहान नव्हते. आजच्या तेलंगणातील सिरपूर, मग बल्लारपूर आणि तेथून चांदा असा राजधानीचा प्रवास झाला. चांदा वसले त्याची दंतकथा जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही पाठ असते. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर गाठी होत्या, झरपटीच्या पाण्याने त्या बऱ्या झाल्या, पुढे त्याच परिसरात एका सशाने राजाच्या कुत्र्याचा उलटा पाठलाग केला, आणि अशा जागी शहर वसवावे असा सल्ला राजाला त्याच्या राणीने दिला. ससा खरा की खोटा हा वाद सोडून द्या. शहराच्या जन्मकथेतच सल्ला देणारी राणी आहे आणि शेकडो वर्षे तोंडातोंडी फिरूनही लोकांनी तिला कथेतून गाळले नाही, हे येथे लक्षात घ्यावे लागते. चार दरवाजे आणि पाच खिडक्यांचा तो परकोट आजही शहराभोवती उभा आहे. जो जंगल तोडून वस्ती करील त्याला जमीन, जो तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, असे धोरण या राजांनी ठेवले. तलावाच्या बदल्यात मिळालेल्या त्या जमिनीला तुकूम म्हणत. आज चंद्रपूरकर ज्या तुकूममध्ये भाड्याने खोली शोधतात त्या नावामागे हा इतिहास आहे.

अशा राज्याचा राजा मारला गेला. कसा, ते पाहण्यासारखे आहे.

१८६९ मध्ये मेजर ल्युसी स्मिथ याने चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल लिहिला. गोंड राजांच्या ज्या हकिकती लोक सांगत होते त्या त्याने त्यात घेतल्या, आणि पुढच्या गॅझेटियरांनी त्याच गिरवल्या. त्यानुसार बीरशहाची मुलगी देवगडच्या राजघराण्यात दिली होती. तेथे तिचा अपमान झाला. बापाने जावयाचे शिर महाकालीला वाहण्याची शपथ घेतली आणि लढाईत ती खरी केली. महाकालीच्या देवळाच्या शिखरावर देवगडच्या दिशेला तोंड केलेले एक दगडी मस्तक दाखवतात, ते त्याच जावयाचे असे लोक मानतात. लेकीच्या अपमानापायी युद्ध करणारा बाप म्हणून बीरशहाची ही गोष्ट जत्रेत आजही रंगवून सांगितली जाते.

पण तीच हकीकत पुढे जे सांगते ते आपण पाहुण्याला सांगत नाही. बीरशहाला मुलगा नव्हता. त्याने दुसरे लग्न ठरवले. आणि त्या दुसऱ्या लग्नाच्या वरातीतच हिरामण नावाच्या त्याच्या पदरच्या एका रजपुताने त्याला ठार केले.

आता ताजमहालाची उपमा जरा बाजूला ठेवून या प्रसंगाकडे बघा. घरात सवत यायची होती. मुलगा दिला नाही एवढाच पहिल्या राणीचा गुन्हा. वाजंत्री वाजत असताना बातमी आली की राजा मारला गेला. ज्या बाईचे स्थान त्या दिवशी खाली जायचे होते तिच्यावर त्याच दिवशी सगळे राज्य येऊन पडले. तिच्या मनात त्या क्षणी काय आले असेल यावर कादंबऱ्या लिहिणारे लिहोत. तिच्या मनातले बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही. तिने केले काय, एवढे मात्र आपल्यासमोर आहे. पतिव्रतेच्या प्रेमाची गोड कहाणी म्हणून जे सांगितले जाते ते इतके सरळ नाही, आणि सरळ नाही म्हणूनच हिराई मोठ्या वाटतात.

त्यांच्यापुढे वाट कोणती होती? ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात तरुण भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात टिकवायची तर लग्ने जातीतच व्हायला हवीत. मग नवरा मेला की त्याची बायको जातीच्या हिशेबात जास्तीची ठरते. ती जातीबाहेर लग्न करील ही एक भीती, आणि जातीतच पुन्हा लग्न करून कुमारिकेचा वर हिरावील ही दुसरी. या जास्तीच्या बाईची विल्हेवाट लावण्याच्या युक्त्या म्हणजे सती आणि सक्तीचे वैधव्य, असे बाबासाहेबांनी त्या निबंधात मांडले. विधवेचे दुःख हे तिच्या नशिबातून येत नाही, ते व्यवस्थेच्या हिशेबातून येते, हे इतक्या स्पष्टपणे त्यापूर्वी कोणी सांगितले होते? हिराईंनंतर कितीतरी वर्षांनी, १७७२ मध्ये थेऊरला माधवराव पेशव्यांच्या चितेवर रमाबाई सती गेल्या आणि त्याचे गोडवे गायले गेले. पुण्याच्या सत्तेला जी बाई जास्तीची वाटली, तशीच बाई चांद्याच्या सत्तेला अनेक दशके आधी गादीच्या शेजारी हवी होती.

याचे कारण गोंड समाजाच्या रीतीत शोधावे लागते. गोंडांमध्ये विधवेचा पाट लागत असे, धाकट्या दिराशी घरोबा करण्याची मुभा होती, केशवपनाचा प्रश्नच नव्हता. नवरा मेला म्हणून बाई अशुभ झाली, हा विचारच त्या समाजाचा नव्हे. अर्थात आदिवासी समाजाचे सगळेच गोड होते असे म्हणून आपणच आपली फसवणूक करू नये. दिराशी पाट लावण्यामागे बाईची मेहनत घरातच राहावी हाही हिशेब असतो. एकट्या बाईवर जादूटोण्याचा आळ घेऊन तिला मारणारी गावेही याच जंगलात आहेत, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच करावा लागला नाही. पण सतीचा चबुतरा आणि राज्याची गादी यांत जे अंतर आहे ते या रीतीनेच हिराईंना दिले, हे नाकारता येत नाही.

हिराई जिवंत राहिल्या आणि कारभारी झाल्या. मुलगा नव्हता, म्हणून त्यांनी भाऊबंदांतला एक मुलगा दत्तक घेतला. हा मुलगा चंदनखेड्याच्या शाखेतला, असे परंपरा सांगते. त्याचे नाव रामशहा. जी उणीव दाखवून त्यांच्या डोक्यावर सवत आणली जात होती ती त्यांनी स्वतःच्या निर्णयाने भरून काढली. मूल वाढवायचे आणि ते मोठे होईपर्यंत राज्य राखायचे, हा त्यांचा पंधरा वर्षांचा दिनक्रम.

आणि काळ कोणता? औरंगजेब दक्षिणेत अडकून पडलेला, १७०७ मध्ये तो मेला आणि दिल्लीची पकड सैल झाली. मराठ्यांच्या फौजा वऱ्हाडात चौथाईसाठी फिरत होत्या. उत्तरेला देवगडचे गोंड राज्य, ज्याच्या घराण्याशी रक्ताचे वैर. अशा वेळी ज्या राज्यात राजा नाही, वारस लहान आहे आणि गादीमागे बाई बसली आहे, ते राज्य शेजाऱ्याने गिळायला किती वेळ लागतो? चांदा गिळले गेले नाही. लढाया जिंकल्याचे पोवाडे हिराईंच्या नावावर नाहीत, म्हणून इतिहासकारांना त्यांच्यात रस वाटला नसावा. पंधरा वर्षे काही बुडाले नाही, ही बातमी होत नसते.

त्याच सुमारास मराठ्यांकडे ताराबाई होत्या. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम गेले आणि ताराबाईंनी पोटच्या मुलाच्या नावाने राज्य हाती घेऊन मुघलांशी झुंज दिली. पुढे १७१४ मध्ये राजवाड्यातच फितुरी झाली, सवत राजसबाईने आपल्या मुलाला गादीवर बसवले आणि ताराबाई कैदेत पडल्या. दोन विधवा, दोन अल्पवयीन राजे, एकच काळ. चांद्यात दत्तक पोर होते, तरी राजवाडा फुटला नाही. रामशहा कर्ता झाला आणि १७१९ मध्ये कारभार त्याच्या हाती गेला. हातातली सत्ता वेळेवर सोडणे पुरुषांनाही फारसे जमलेले नाही, हे आपण आपल्या चळवळीत नको तितके पाहिले आहे!

दत्तकपुत्र कसा निघाला? रघुजी भोसले चांदा बघायला, खरे तर हेरायला, आला आणि रामशहाचे वागणे पाहून त्याच्यापुढे हात जोडून परत गेला, अशी हकीकत गॅझेटियरमध्ये आहे. अतिशयोक्ती वजा केली तरी एवढे उरते की, लोकांनी या राजाला भला माणूस म्हणून लक्षात ठेवले. तो ज्या घरात वाढला ते घर हिराईंचे होते.

आता समाधीकडे परत येऊ. कमानी-घुमटांची ती दगडी इमारत पाहून हे मुघलांचे अनुकरण आहे असे म्हणणारे भेटतात. वळण त्या काळाचे आहे, हे मान्य. पण मेलेल्यासाठी दगड उभा करणे हे गोंडांना मुघलांनी शिकवले काय? गडचिरोली जिल्ह्यात भामरागडकडे जा. माडिया गोंड आजही आपल्या मृतांसाठी गावाबाहेर दगड उभे करतात. गोंडांमध्ये पुरण्याची रीत जुनी आहे. म्हणजे माडियाच्या गावातला तो अनगड उभा दगड आणि चांद्यातली ही घडीव समाधी ही एकाच रीतीची दोन रूपे आहेत. एक गरिबाच्या ऐपतीचे, दुसरे राजाच्या. गेलेल्याला त्याचे देणे द्यायचे, त्याची जागा ठरवून द्यायची, आणि मग जिवंतांनी आपापल्या कामाला लागायचे. हिराईंनी नवऱ्याला त्याची जागा दिली आणि स्वतः मात्र त्या जागेत जाऊन बसल्या नाहीत.

महाकाली आणि एकवीरेची देवळेही हिराईंनी बांधली असे मानले जाते. आपण १६ ऑक्टोबर १९५६ ला याच चांद्यात बाबासाहेबांच्या समोर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची लेकरे. देवळाचे कौतुक आपल्याकडे नाही. पण चैत्र पौर्णिमेच्या जत्रेला नांदेड-परभणीकडून येणारे जथे पाहिले आहेत काय? झरपटीच्या पाण्यात उतरणाऱ्या त्या बहुतेक कष्टकरी, भूमिहीन, बहुजन बाया असतात. त्यांच्यात कितीतरी एकट्या असतात. पांढऱ्या कपाळाने त्या गर्दीत नाचताना त्यांना कोणी अशुभ म्हणत नाही. देवीवर विश्वास नसला तरी या गोष्टीवरून नजर हटवता येत नाही.

रामशहाचा मुलगा नीळकंठशहा याच्या काळात, १७५१ मध्ये, चांदा भोसल्यांनी घेतले आणि गोंड राज्य संपले. गोंड राजांनी मागे सोडलेले राज्य सुखी आणि सुव्यवस्थित होते, तितकी भरभराट पुढे झाली नाही, असे मत त्या ल्युसी स्मिथनेच नोंदवले आहे. १८५३ मध्ये इंग्रज आले. २१ ऑक्टोबर १८५८ ला बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांची आठवण आपण दरवर्षी काढतो. त्यांच्या मागे राहिलेल्या बाईची कोण काढतो?

हा प्रश्न दुसऱ्यांना विचारताना आपल्या घरातही डोकवावे लागते. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, सावित्रीमाईंनी स्वतः टिटवे धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालण्याचे धैर्य दाखवले, सत्यशोधक समाजाची धुरा घेतली, १८९३ च्या सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना देह ठेवला. ही सहा-सात वर्षे आपण अभिमानाने सांगतो. पण चांद्याच्या दीक्षेनंतर एक्कावन्न दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ ला, बाबासाहेब गेले आणि माईसाहेब आंबेडकर विधवा झाल्या, तेव्हा आपण काय केले? त्यांच्यावर संशय घेतला. चौकशीत मृत्यू नैसर्गिक असल्याचेच निघाले, तरी कुजबुज थांबली नाही. त्या दिल्लीत वर्षानुवर्षे एकट्या राहिल्या. सत्तरच्या दशकात पँथरच्या तरुणांनी त्यांना पुन्हा चळवळीत आणले. १९९० मध्ये बाबासाहेबांचा भारतरत्न त्यांनी स्वीकारला. २९ मे २००३ ला त्या गेल्या. त्यांच्या राजकारणाबद्दल, स्वभावाबद्दल मतभेद असू शकतात, प्रस्तुत लेखकाचेही काही आहेत. परंतु ब्राह्मण कुटुंबात जन्मलेली बाई म्हणून आपण तिच्याशी जे वागलो ते विधवेला जास्तीची ठरवण्याच्या त्याच जुन्या हिशेबाने वागलो नाही काय?

आणि आजच्या हिराई? सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी या तालुक्यांत मोहफुले वेचायला, सरपण आणायला, गुरे राखायला गेलेला माणूस वाघाच्या तोंडी पडतो. भरपाईची रक्कम आता लाखांत आहे. पैसे येण्याआधी दीर-भासरे दारात येतात. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या चौथ्या कलमात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असावा असे स्पष्ट लिहिले आहे. ज्या घरी तसा पट्टा आहे तेथे नवऱ्यामागे बाईला कोणी शेतातून उठवू शकत नाही. जेथे पट्टाच नाही, वडिलोपार्जित जमीन आहे, तेथे अडचण वेगळी. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले त्याच्या तुकड्यांमधून निघालेला हा कायदा आदिवासी बाईच्या दारापर्यंत पोहोचलाच नाही. तिला रूढीवर सोडून दिले. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात, बाईला वाटा नाकारणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर केवळ ती बाई आहे म्हणून वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल दिला. दावा छत्तीसगडचा होता, पण सीमेच्या अलीकडे राहणाऱ्या गोंड बायांनाही त्याचा आधार आहे. गावोगावच्या ग्रामसभांत हा निकाल मराठीत आणि गोंडीत वाचून दाखवला पाहिजे.

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या ठिकाणी मी एका बाईबरोबर फेरफारचा अर्ज द्यायला गेलो होतो. नवरा वाघाने नेला त्याला दोन पावसाळे झाले होते. बाबूने अर्ज वाचला आणि नावाच्या जागी तिचे नाव, पुढे बेवा, आणि पुढे नवऱ्याचे नाव असे लिहायला सांगितले. आमच्याकडच्या जुन्या सातबाऱ्यांवर अशीच नावे असतात, म्हातारीचे सगळे आयुष्य त्या एका शब्दात बसवलेले. बाईने विचारले, तो शब्द लिहिलाच पाहिजे काय? बाबू म्हणाला, पद्धत आहे. तिने पुन्हा विचारले, कायदा आहे काय? बाबूने वर पाहिले, आत जाऊन साहेबांना विचारून आला, आणि नुसते नाव व बापाचे नाव चालेल म्हणाला. बाईने अर्ज परत घेतला, खाली बसून तो नव्याने लिहून घेतला आणि अंगठा न लावता सही केली. सही करायला ती बचतगटात शिकली होती. अर्जाची पोच मिळाली आहे. फेरफार अजून व्हायचा आहे.